माझ्याच अर्जाला हरकत

वनमाला कापगतेने धोटे वकिलांकडे एकोणीस वर्षं कारकुनी केली, आणि त्या एकोणीस वर्षांत कोर्टापुढे ती एकच वाक्य बोलली. "साहेब, आमचे वकीलसाहेब वरच्या कोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी." खरं म्हणजे वकिलाच्या कारकुनाला कोर्टापुढे बोलायचा अधिकारच नसतो. अर्ज बेंच क्लार्कपुढे सरकवायचा आणि हात जोडून उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. पण तालुक्याच्या कोर्टात अधिकारापेक्षा सवय जास्त चालते. न्यायाधीश बदलले, पंखे बदलले, भिंतीचा रंग दोनदा बदलला. वनमालाचं वाक्य मात्र कानामात्रेचा फरक न पडता टिकून राहिलं.

धोटे वकील 'वरच्या कोर्टात' असत म्हणजे बहुतेक वेळा कोर्टासमोरच्या टपरीवर तर्रीपोहे खात असत. माणूस वाईट नव्हता. कायदा असा तोंडपाठ की भल्याभल्यांनी येऊन विचारावं. उलटतपासाला उभे राहिले तर साक्षीदाराला घाम फोडत. पण उलटतपासाचा दिवस त्यांच्या आयुष्यात फारसा उजाडतच नसे, कारण त्याच्या आधी तारीख पडे. आळस हा एकच दोष त्यांच्यात होता, आणि तो मात्र त्यांनी कसलाही आळस न करता जोपासला होता.

वनमालाला वकील व्हायची हुक्की आली ती एका ज्युनियरमुळे. एके दिवशी धोट्यांच्या जागी एक चोवीस वर्षांचा नवा वकील उभा राहिला आणि जामिनाच्या अर्जात भलतंच कलम सांगू लागला. वनमाला मागे फाइली घेऊन उभी होती. तिने हळूच बरोबर कलम सुचवलं, त्याने ते मोठ्याने म्हटलं, जामीन झाला. बार रूममध्ये सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली आणि वनमालाने त्याची बॅग उचलून आणली.

घरी आल्यावर तिने भाकरी इतक्या जोरात थापल्या की नवरा, देवाजी, दुकान सोडून आत आला. देवाजी शिंपी होता. तालुक्यातल्या निम्म्या पोरांच्या शाळेच्या गणवेशावर त्याचा हात फिरलेला.

"कोणाले मारून रायली एवढं?" त्याने विचारलं.

"कोणाले नाही. कलम मी सांगतो आन पाठ त्याची थोपटतेत."

"मंग तू हो ना वकील."

"या वयात?"

"वयाचं कलम आहे का काही?"

तसं कलम नव्हतं. वनमालाने शोधून पाहिलं. लग्नाआधीची बी.ए.ची पदवी ट्रंकेत तळाशी होतीच, तिच्या कोपऱ्याची झुरळांनी तेवढी चव घेतली होती. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तिने प्रवेश परीक्षा दिली, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या लॉ कॉलेजात तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव लागलं. कॉलेज सकाळचं. सहाची एसटी पकडायची, साडेसात ते दहा तास करायचे, आणि अकराच्या ठोक्याला कोर्टात धोट्यांच्या फाइली घेऊन हजर. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर अख्खा वर्ग उभा राहिला. त्यांना वाटलं, नव्या मॅडम आल्या. वनमालाने "बसा, बसा" म्हटलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली, तेव्हा जो हशा पिकला त्यात ती स्वतःच सर्वांत जास्त हसली.

अभ्यास म्हणजे काही हसण्याची गोष्ट नव्हती. करार, गुन्हे, पुरावा हे विषय तिला घरचेच वाटत. रोज टाइप केलेल्या अर्जांमागचं कारण पुस्तकात सापडलं की तिला ओळखीचं माणूस भेटल्याचा आनंद होई. पण विधिशास्त्र नावाच्या विषयाने तिला दोनदा पाडलं. कायदा म्हणजे मुळात काय, असं त्या पेपरात विचारत. कायदा पंधरा-सोळा वर्षं रोज डोळ्यांसमोर असूनही तो म्हणजे काय हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी दावा दाखल करण्याबद्दल एक प्रश्न विचारला. वनमाला म्हणाली, "सर, कलम आठवून नाही रायलं. पण त्याले कोर्ट फी किती लागते, किती प्रती लागतात आन कोणत्या टेबलावर अडते, ते सांगतो." सरांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न न विचारता गुण दिले.

तिसऱ्या वर्षी विधिशास्त्रही सुटलं. मग सनदेचा अर्ज, तो छाननीचा गोंधळ, शपथ, मग देशभरच्या वकिलांची ती एक परीक्षा. सनद हातात पडली त्या दिवशी देवाजीने दुकानाच्या फळीवर खडूने लिहिलं, 'आज दुकान बंद. मालकीण वकील झाली.' गिऱ्हाइकं तरीही आली, पण ती कपडे शिवायला नव्हे, पेढे खायला.

अडचण एकच होती, धोटे वकील. त्यांना आनंद झाला नाही असं नाही, पण चेहरा मात्र घरातलं कोणी गेल्यासारखा झाला.

"आता माह्या तारखा कोण ठेवन?" ते म्हणाले.

"तारखा ठेवायलेच पाहिजे का, साहेब?"

धोट्यांना हा प्रश्न फारसा आवडला नाही. "तू ज्युनियर म्हणून इथंच राहा. कारकुनाले पगार असते, ज्युनियरले नसते, एवढाच फरक," असं म्हणून त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. तिची नाडी कुजून तुटायला आली होती. "हे घे. तुही पहिली केस. एवढी जुनी आहे का बिघडवलीस तरी बिघडाले काही उरलं नाही."

फाइलवर नाव होतं पार्बताबाई मेश्राम. वनमालाला फाइल उघडायची गरज नव्हती. नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या सोविंदाजी भेंडारकरच्या शेळीने पार्बताबाईने अंगणात वाळत टाकलेली मोहफुलं खाल्ली. पार्बताबाई खराटा घेऊन शेळीमागे धावली, शेळी चपळ निघाली, आणि खराटा सोविंदाजीच्या खांद्यावर बसला. त्यावर पार्बताबाईने चार शिव्याही दिल्या, त्या मात्र नेमक्या माणसालाच दिल्या. सोविंदाजीने फिर्याद केली. साधी दुखापत आणि अपमान. दोन्ही गुन्हे आपसात मिटवता येण्याजोगे, एका दिवसाचं काम. त्याला नऊ वर्षं झाली होती आणि तारखा पडल्या होत्या त्रेसष्ट. त्यातली जवळपास प्रत्येक तारीख वनमालाने स्वतः मागून, स्वतःच्या अक्षरात डायरीत टिपली होती. हे आठवल्यावर तिला लाज वाटली, आणि ती तिने मनाशी कबूलही केली.

आता मात्र घाई होती. पार्बताबाईची मुलगी बहारीनला दवाखान्यात नर्स होती, जूनअखेरीला बाळंत व्हायची होती, आणि तिला आई हवी होती. पार्बताबाईने पासपोर्टचा अर्ज केला तर पोलिसांनी फौजदारी केस पेंडिंग म्हणून तो परत पाठवला.

"बाई, मी जातो का नाही वो बहारीनले?" पार्बताबाईने वनमालाला विचारलं. "पोरगी म्हणते, आई, तूच पाहिजे. तिथं बाळाले तेल लावाले बी कोणी नाही म्हणते."

"जाल ना. सोविंदाजी तयार झाले तर एका दिवसात सुटते."

"तो? तो म्हातारा?" पार्बताबाईने हातानेच आशा सोडून दिली. "त्याले नऊ वर्षांपासून एकच पाहिजे. मी चुकलं म्हणावं. मी कायले म्हणू? शेळी त्याची होती."

वनमाला सोविंदाजीकडे गेली तर तोही तेच म्हणाला. तिले चुकलं म्हण म्हणा, आत्ता सही करतो. शेवटी गाठ सुटली ती बहारीनहून. मुलीनेच सोविंदाजीला फोन केला. लहानपणी त्याच्याच खांद्यावर बसून ती जत्रेला गेली होती. ती म्हणाली, "काका, आईले येऊ द्या जी." म्हातारा फोनवर ढसाढसा रडला, आणि रडणं आटोपल्यावर पुन्हा तोऱ्यात आला. "बुधवारी येतो," त्याने वनमालाला बजावलं. "बुधवारी झालं तं झालं. तिथून मी तेंदूपत्त्याले जंगलात जातो. पुन्हा या कोर्टाची पायरी चढणार नाही, सांगून ठेवतो. आन ती म्हातारी चुकलं नाही म्हणत ते माह्या मनात आहेच."

बुधवार हा उन्हाळी सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता. त्यानंतर महिनाभर कोर्ट बंद. सुट्टीतल्या न्यायाधीशांपुढे जामीन आणि रिमांड सोडून काही चालत नाही. म्हणजे बुधवारी झालं तर पासपोर्ट, तिकीट, बहारीन. बुधवार हुकला तर बाळ आधी येणार आणि आजी नंतर, तीही सोविंदाजीचा मूड टिकला तर.

वनमालाने तडजोडीचा अर्ज तीनदा टाइप केला आणि पाच वेळा वाचला. देवाजीने तिच्यासाठी कोट आणि गाऊन शिवला होता. शाळेच्या गणवेशाची सवय हातात असल्याने त्याने गाऊनलाही दोन खिसे लावले होते. "पोरं खिसे नाही दिसले तं भांडतेत," तो म्हणाला. वनमालाने एका खिशात रुमाल ठेवला आणि दुसऱ्यात काय ठेवावं ते तिला सुचलं नाही.

उन्हाळ्यात खालच्या कोर्टात वकिलांना काळ्या कोटाची सूट असते. त्या दिवशी पारा चव्वेचाळीसवर होता आणि बार रूममधला एकूण एक वकील पांढऱ्या शर्टात होता. वनमाला एकटीच पांढरी साडी, काळा कोट, गळ्यात वकिली पांढरा बॅन्ड आणि वरून गाऊन अशी आली. सूट घ्यायला ती तयार नव्हती. एकोणीस वर्षं तिने त्या कोटाविनाच काढली होती.

"अवो कापगते बाई, शिजून जासान," कोणीतरी म्हणालं.

"शिजू द्या," ती म्हणाली.

न्यायाधीश इंगोले मॅडम तिशीच्या, वर्षभरापूर्वीच बदलून आलेल्या. तारखा देण्यात त्यांचा हात फार आखडता. पण त्या कोर्टात एक जुनी रीत होती, कोणत्याही पुस्तकात न लिहिलेली. नवा वकील पहिल्यांदा उभा राहिला की त्याची पहिली विनंती कोर्ट मोडत नसे. मग बाकांवरचे वकील हलकेच बाक वाजवत, आणि पुढचं काम सुरू होई. इंगोले मॅडम आल्या तेव्हा बेंच क्लार्कने त्यांना ही रीत सांगितली होती आणि त्यांना ती आवडली होती.

पट्टेवाल्याने पुकारा केला. "पार्बताबाई मेश्राम हाजीर है?" पार्बताबाई नव्या लुगड्यात, डोक्यावर पदर घेऊन आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. सोविंदाजी समोरच्या बाकावर, पार्बताबाई दिसणार नाही अशा बेताने तोंड वळवून बसला. वनमाला पुढे झाली. तिच्या हातात अर्ज होता. मनात घोकलेलं वाक्य होतं, 'मॅडम, मी आरोपीतर्फे, उभयपक्षी तडजोड झाली आहे, अर्ज स्वीकारावा.'

मॅडमनी मान वर केली आणि हसून म्हणाल्या, "या, ॲडव्होकेट कापगते. पहिलीच वेळ ना? बोला."

ॲडव्होकेट कापगते. तिला आजवर कोर्टात या नावाने कोणी हाक मारली नव्हती. ते ऐकलं आणि घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. तोंड मात्र उघडलेलंच होतं. एकोणीस वर्षं या जागी, या टेबलापुढे, या छताखाली तोंड उघडलं की जे निघायचं, तेच निघालं.

"मॅडम, पुढची तारीख मिळावी."

"दिली," मॅडम म्हणाल्या.

मागे वकिलांनी बाकं वाजवली. बेंच क्लार्कने कॅलेंडर पुढे ओढलं. "सुट्टीनंतर, नऊ जुलै."

आपण काय बोललो हे वनमालाला इतरांच्या बाक वाजवण्यावरून कळलं. पिंजऱ्यातल्या पार्बताबाईला जुलै तेवढा कळला होता, आणि ती बोटांवर महिने मोजत होती. सोविंदाजी ताडकन उभा राहिला.

"पाहा! पाहून घ्या!" तो ओरडला. "सहीले बलावते आन तारीख मांगते! नियतच नाही यांची. मी चाललो."

"शांत राहा," पट्टेवाला म्हणाला.

"शांतच चाललो," सोविंदाजी म्हणाला आणि दाराकडे निघाला.

वनमालाची पाचावर धारण बसली. तिने मॅडमच्या हाताकडे पाहिलं. मॅडमनी पेन उचललं होतं, पण रोजनाम्याचा, म्हणजे त्या दिवसाच्या आदेशाचा कागद अजून बेंच क्लार्कपुढेच होता. सही झाली की संपलं. सही व्हायची आहे तोवर काहीही होऊ शकतं, हे तिला लॉ कॉलेजने नव्हे, याच टेबलाने शिकवलं होतं.

"मॅडम," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला, "तारखेच्या अर्जाला माझी हरकत आहे."

मॅडमनी पेन थांबवलं. "कोणत्या अर्जाला?"

"आत्ता तोंडी केला त्या."

"तो तुम्हीच केला होता."

"हो मॅडम. हरकतही माझीच आहे."

कोर्टात हशाचा असा फवारा उडाला की पट्टेवाल्याला कोणाला गप्प करावं ते कळेना, कारण तोच हसत होता. सोविंदाजी दारात थबकला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं, खुर्चीत नीट बसल्या आणि फार गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "म्हणजे अर्जदाराच्या वकील तुम्ही आणि हरकतदाराच्या वकीलही तुम्हीच. ठीक आहे. आधी अर्जदाराचं म्हणणं ऐकते. तारीख कशासाठी हवी?"

"कारण नाही, मॅडम." वनमालाच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण तो पुसायला तिला वेळ नव्हता. "सवय आहे. मी एकोणीस वर्षं या कोर्टात कारकून होते. रोज हेच मागितलं. या प्रकरणात त्रेसष्ट तारखा पडल्यात, त्यांतल्या बहुतेक मीच मागून नेल्या. आज तोंड उघडलं आणि तेच आलं. चूक माझी आहे, मॅडम. आजची चूक, आणि त्या तारखांत माझा हात होता तीही. आमच्या बाजूचं चुकलं."

दारातल्या सोविंदाजीने हात कानामागे नेला.

"आता हरकतदाराचं म्हणणं," मॅडम म्हणाल्या.

वनमालाने श्वास घेतला. आणि मग तिच्या लक्षात आलं की तिला हे येतं. आजवर आणलेल्या तारखांच्या प्रत्येक अर्जाला समोरच्या वकिलाने काय हरकत घ्यायला हवी होती, हे तिला दर वेळी आतून माहीत होतं. फक्त ते बोलायची जागा तिची नव्हती. आज होती.

"फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम तीनशे नऊ," ती म्हणाली. "प्रकरण चालू असताना सबळ कारणाशिवाय तहकूब करू नये. अर्जदाराने कारण नाही असं स्वतःच सांगितलं. आरोपी हजर आहे. फिर्यादी हजर आहे, निदान दारापर्यंत तरी आहे. तडजोडीचा अर्ज तयार आहे, दोघांच्या सह्या व्हायच्या आहेत. सरकारी वकिलांची ना नाही. फिर्यादी इथून तेंदूपत्त्याला जंगलात जाणार आहे. आरोपीची मुलगी परदेशात जूनअखेरीला बाळंत होणार आहे आणि या प्रकरणामुळे आरोपीचा पासपोर्ट अडलाय. मॅडम, नऊ वर्षांत ही दोन माणसं एकाच दिवशी मिटवायला तयार होऊन आली, ती आज. नऊ जुलैला माणसं हजर होतील. मन हजर होईल याची हमी मी देऊ शकत नाही. अर्ज फेटाळावा, ही विनंती."

कोर्टात कोणी हसलं नाही. तेवढ्यात मागच्या दारातून धोटे वकील मिशीला लागलेली तर्री पुसत आत शिरले. बाकावरच्या कोणीतरी त्यांच्या कानात दोन शब्द सांगितले, आणि त्यांचा चेहरा आधी पडला, मग उजळला. ते पुढे आले.

"मॅडम, या प्रकरणातला मूळ वकील मी," ते म्हणाले. "ॲडव्होकेट कापगतेंच्या हरकतीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आधीच्या तारखांबद्दल म्हणाल तर... त्या दिवशी मी वरच्या कोर्टात होतो."

"त्रेसष्ट वेळा?" मॅडमनी विचारलं.

"वरचं कोर्ट फार मोठं आहे, मॅडम," धोटे म्हणाले, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनाही लाजल्यासारखं झालं.

मॅडमनी बेंच क्लार्ककडे पाहिलं. "नऊ जुलै खोडा. या कोर्टात पहिली विनंती मोडत नाहीत म्हणे. दोन विनंत्या आल्या, त्यातली दुसरी पहिली धरू." मग त्या दाराकडे वळल्या. "सोविंदाजी, पुढे या. कोणाच्या दबावाखाली नाही ना? तडजोड मान्य आहे का?"

सोविंदाजी पुढे आला. त्याने पिंजऱ्यातल्या पार्बताबाईकडे पाहिलं, मग वनमालाकडे.

"साहेब," तो म्हणाला, "या म्हातारीनं नऊ वर्षांत एकदा बी चुकलं म्हटलं नाही. आज तिच्या वकीलीणबाईनं म्हटलं. सगळ्यांच्या समोर म्हटलं. माह्या आयुष्यात वकिलाले चुकलं म्हणताना मी पयल्यांदा पायलं जी. तिच्या बाजूनं म्हटलं म्हंजे तिनंच म्हटलं. आना तो कागद इकडं."

"मी नाही म्हटलं," पिंजऱ्यातून पार्बताबाई पुटपुटली.

"पार्बताबाई, गप्प बसा," वनमाला म्हणाली.

सोविंदाजीने सही केली. पार्बताबाईने अंगठा उठवला, सरकारी वकिलांनी मान डोलावली, आणि इंगोले मॅडमनी आरोपीची निर्दोष मुक्तता झाल्याचा आदेश तिथल्या तिथे लिहून खाली सही ठोकली. एकूण चौदा मिनिटं लागली. बाहेर पडताना धोटे वकिलांनी वनमालाच्या हातातली बॅग काढून घेतली आणि स्वतः धरली. ती नको म्हणाली तर म्हणाले, "राहू दे. मले बी शिकू दे काही."

कोर्टाच्या ओसरीवर पार्बताबाई खांबाला टेकून उभी होती. चार पावलांवर सोविंदाजी तंबाखू मळत होता. वनमाला जवळ गेली तशी पार्बताबाईने तिचा हात धरला.

"बाई, सांगून टाक मले. पुढची तारीख कोणती म्हणाली साहेबीणबाई?"

"तारीख नाही, पार्बताबाई."

"नाही कशी? चिठ्ठीवर लिहून दे वो. माह्या ध्यानात राहत नाही."

"संपली केस. आता यायचं नाही. कधीच नाही."

पार्बताबाईने ते दोनदा ऐकलं, तरी पटलं नाही म्हणून सोविंदाजीकडे पाहिलं. "खरं म्हणते का हो ही?"

"खरं म्हणते," सोविंदाजी म्हणाला. "माह्या समोरच झालं. आता पोरीले फोन लाव आधी. तिकडं वाट पाहून रायली असन."

वनमालाने स्वतःच्या मोबाइलवरून बहारीनला फोन लावून दिला. लोकांना तारखा देऊन घरी पाठवण्यातच तिची एकोणीस वर्षं गेली होती; तारीख न देता आज ती पहिल्यांदा कोणाला घरी पाठवत होती. सनद मिळाली तेव्हाही इतका आनंद तिला झाला नव्हता, आणि तो लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. तिकडून मुलीचा आवाज आला तशी पार्बताबाई एवढ्या मोठ्याने बोलायला लागली की बार रूममधले लोक खिडकीत आले.

"अवो पोरी, येतो मी! हो, येतो! नाही वो, तारीख नाही भेटली, म्हणूनच तं येऊन रायलो!"